आधी तास, मग व्हिडिओ: कोकणातल्या शाळेत इंग्रजीचा वर्ग 'उलटा' कसा करावा

आठवीचा इंग्रजीचा तास पस्तीस मिनिटांचा, पटावर चाळीस मुलं. हजेरी, वह्या काढणं, आधीच्या तासाचा फळा पुसणं यात पाच मिनिटं जातात. उरलेल्या तिसात सर 'डू' आणि 'डझ'चा नियम मराठीतून समजावतात, फळ्यावर दहा वाक्यं लिहितात, मुलं ती उतरवून घेतात. घंटा होते. इंग्रजीत बोललं कोण? एकटे सर. मुलांना एकेक करून उभं केलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मिनिट येतं, आणि तेही बाकीच्या एकोणचाळीस जणांनी गप्प बसायचं ठरवलं तर.

फ्लिप्ड क्लासरूमचा, म्हणजे उलट्या वर्गाचा, खरा उपयोग इथे आहे. समजावून सांगण्याचा भाग छोट्या व्हिडिओत घालून घरी पाठवायचा आणि मोकळा झालेला तास मुलांच्या बोलण्यासाठी वापरायचा. ही पद्धत गाजली ती रसायनशास्त्राच्या वर्गातून. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या दोन शिक्षकांनी २००७ मध्ये आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, कारण स्पर्धांसाठी बाहेरगावी जाणाऱ्या मुलांचे तास बुडत होते. आपल्याकडे तास बुडण्याची कारणं निराळी आहेत. जुलैत लावणी असते, मग गणपती, पुढे शिमगा, आणि मध्येच कधीतरी साकवावरून पाणी जातं म्हणून अख्खी वाडी घरी राहते. अडचण मात्र तीच.

विज्ञानाच्या वर्गात मोकळ्या वेळेत मुलं गणितं सोडवतात, प्रयोग करतात. भाषेच्या वर्गात त्या वेळेत मुलांनी एकमेकांशी बोलायचं असतं. म्हणून आमच्या विषयात कामाचा क्रम बदलतो. बहुतेक शिक्षक आधी कॅमेऱ्यासमोर उभे राहतात आणि व्हिडिओ झाल्यावर 'आता तासाला काय करायचं' म्हणून डोकं खाजवतात. हे उलट करा.

१. तास आधी ठरवा

टाचण काढायला बसलात की पहिली ओळ अशी लिहा: 'या तासाला मुलं एकमेकांना काय विचारतील?' उत्तर सापडलं नाही तर तो घटक उलटा करू नका, नेहमीसारखा शिकवा.

एक घटक पूर्ण घेऊन पाहू. घटक आहे साध्या वर्तमानकाळातले प्रश्न. मुलांची चूक ठरलेली: 'व्हॉट टाइम द बोट लीव्हज?' आणि नियम शिकवल्यानंतर 'व्हॉट टाइम डझ द बोट लीव्हज?' मराठीत 'बोट किती वाजता सुटते?' असं विचारताना क्रियापदाला काहीच होत नाही, वरून मदतीला दुसरं क्रियापदही येत नाही. त्यामुळे 'डझ' आल्यावर 'लीव्हज'चा शेवटचा 'ज' जातो, ही गोष्ट सांगून कळते पण तोंडात बसत नाही. ती शंभरदा बोलूनच बसते आणि शंभरदा बोलायला वेळ लागतो.

मग तासाचं काम काय? वेळापत्रक. गाडी-बोटीच्या ठरलेल्या वेळांसाठी इंग्रजीत हाच काळ वापरतात. दाभोळ ते धोपावे फेरीबोट दापोली-गुहागरकडच्या मुलांना अंगवळणी पडलेली. जयगडच्या बाजूला तवसाळची फेरी घ्या, बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडल्याची घ्या. तुमच्या गावी फेरी नसेल तर एसटी स्टँड आहेच. दोन प्रकारची कार्डं बनवा. 'अ' कार्डावर दाभोळहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा भरलेल्या, धोपाव्याच्या रिकाम्या. 'ब' कार्डावर नेमकं उलट. समोरच्याला विचारल्याशिवाय रिकामी जागा भरता येणार नाही, ही यातली मेख. वेळा खऱ्या असायलाच हव्यात असं नाही, पण सहा-सात तरी हव्यात, म्हणजे तोच प्रश्न सहा-सात वेळा तोंडातून जाईल.

कार्डं तयार झाल्यावरच व्हिडिओकडे वळा. त्यात काय हवं ते आता तुम्हाला नेमकं माहीत आहे: हा एक प्रश्न, त्याचं उत्तर आणि घड्याळाच्या वेळा. बाकी सगळं गाळायचं.

२. फोनची मोजदाद, तीही मोसमाप्रमाणे

'घरात स्मार्टफोन आहे का?' या प्रश्नाला बहुतेक हात वर होतात. त्यावर विसंबू नका. विचारायचं ते असं: फोन कोणाचा, संध्याकाळी सात ते नऊ कुठे असतो, घरात रेंज येते की सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, जावं लागतं, मेमरी कार्ड आहे का?

मच्छीमार घरांत हे उत्तर महिन्यागणिक बदलतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत वडील घरी आणि फोनही घरी. ऑगस्टपासून दोघंही बोटीवर. बागायतदारांकडे आणि बागेत मजुरीला जाणाऱ्यांकडे मार्च ते मे हीच गत. म्हणून यादी करताना मुलांच्या नावापुढे 'पावसाळा' आणि 'मोसम' असे दोन रकाने आखा. हर्णै किंवा मालवणसारख्या बंदराच्या गावात जून-जुलै हा व्हिडिओची सवय लावायला सगळ्यात चांगला काळ आहे, फक्त त्याच दिवसांत वीज आणि रेंज दगा देतात. त्यावरचा तोडगा पाचव्या पायरीत.

३. संहिता लिहा

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्सवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणारे साधारण सहा मिनिटांपुढे टिकत नाहीत असं दिसलं. तीही स्वतःहून नाव नोंदवलेली माणसं होती. बापाचा फोन अर्ध्या तासासाठी हातात आलेल्या आठवीतल्या पोराकडून जास्त अपेक्षा कशाला? मी तर चारच मिनिटं धरतो.

फेरीबोटीच्या व्हिडिओची संहिता अशी होते:

पहिला अर्धा मिनिट धक्का दिसतो, बोट लागताना दिसते. एक प्रवासी तिकिटाच्या खिडकीशी विचारतो, 'व्हॉट टाइम डझ द नेक्स्ट फेरी लीव्ह?' उत्तर येतं, 'इट लीव्हज ॲट हाफ पास्ट नाइन.' कोणीही काहीही समजावत नाही. पुढच्या अर्ध्या मिनिटात तोच संवाद, आता खाली इंग्रजी अक्षरं. मग मिनिटभर तुम्ही, मराठीत. प्रश्नात 'डझ' आला की 'लीव्हज'चं 'लीव्ह' होतं, उत्तरात ते परत 'लीव्हज' होतं. दोन रंगांत दोन वाक्यं एकाखाली एक दाखवा आणि थांबा. अपवाद नको, 'डिड' तर नकोच.

यानंतरचं दीड मिनिट या व्हिडिओचा जीव आहे. तुम्ही म्हणता, 'द लास्ट बस.' पडदा पाच सेकंद गप्प. त्या वेळात मुलानं मोठ्यानं म्हणायचं, 'व्हॉट टाइम डझ द लास्ट बस लीव्ह?' मग तुमच्या आवाजात बरोबर वाक्य येतं. असं सहा वेळा. पाच सेकंद रेकॉर्ड करताना फार वाटतात आणि हात आपोआप कात्रीकडे जातो. कापू नका. वाक्य जुळवायला आठवीतल्या मुलाला तेवढा वेळ लागतोच. शेवटी वहीत लिहायला दोन गोष्टी द्या: तुमच्या गावातून सुटणाऱ्या एका गाडीबद्दल प्रश्न आणि त्याचं उत्तर.

स्पष्टीकरण मराठीतून का, यावर शिक्षणपरिषदेत हमखास वाद होतो. माझं मत सरळ आहे. व्याकरणाचा नियम मुलाला त्याच्या भाषेत एका मिनिटात कळतो, इंग्रजीतून सांगितला तर दहा मिनिटांत अर्धवट कळतो. मराठी व्हिडिओत खर्ची घाला, म्हणजे तासाला ती लागत नाही. मालवणी बोलणाऱ्या गावात तर ते मिनिट मालवणीत असलं तरी काय बिघडलं?

खालची अक्षरं मात्र इंग्रजीच ठेवा. मराठी भाषांतर खाली आलं की डोळे ते वाचतात आणि कान बंद होतात. जी भाषा ऐकू येते तीच लिहून दाखवण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी ती १९९६ च्या सुमारास मांडली आणि पुढे टीव्हीवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवून लोकांचं वाचन सुधारण्यासाठी वापरली. पाचवी-सहावीत एकदा मराठी अर्थ दाखवून मग इंग्रजी अक्षरांवर यायला हरकत नाही.

४. चित्रीकरण

ट्रायपॉड नसला तरी चालतं, टेबलावर पुस्तकांची चवड रचून फोन आडवा टेकवा. चित्र थोडं कमी-जास्त चालेल, आवाज चालणार नाही. भाषेच्या व्हिडिओत आवाज हाच धडा आहे. धक्क्यावर वारा थेट माइकमध्ये शिरतो, म्हणून तिथे फक्त दृश्यं घ्या. संवाद घरी, खोलीच्या खिडक्या बंद करून आणि समोर गोधडी टांगून वेगळे रेकॉर्ड करा. दुसरा फोन शर्टाच्या खिशात ठेवून त्याचा व्हॉइस रेकॉर्डर चालू केलात तर आवाज आणखी जवळून मिळतो. शाळेवर पत्रे असतील तर जून ते सप्टेंबर तिथे रेकॉर्डिंगचं नाव काढू नका. सगळे व्हिडिओ मे महिन्यात उरकून ठेवलेले बरे.

उच्चारांसाठी मात्र कॅमेरा तोंडाजवळ आणा. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दात कुठे लागत नाहीत. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपला 'व' या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो, म्हणून मुलांना फरक ऐकूच येत नाही. वर्गात शेवटच्या बाकावरून सरांचे ओठ दिसत नाहीत, फोनच्या पडद्यावर दिसतात, आणि तेही हवे तितक्या वेळा. 'शिप' आणि 'शीप'साठीही असाच एकेक मिनिटाचा तुकडा करून ठेवा.

५. व्हिडिओ मुलांपर्यंत पोचवणं

रेंज नाही असं गृहीत धरून योजना आखा. असली तर फायदाच.

४८० पिक्सेलवर ठेवलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ साधारण २० एमबीत बसतो. फाइलचा आकार असा कमी करायचं काम संगणकावर हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं. व्हॉट्सॲपवर गॅलरीतून पाठवला तर ते स्वतःच आकार कमी करतं आणि खालची अक्षरं कधीकधी धूसर होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फाइल आहे तशी जाते. अक्षरं मोठी ठेवलीत तर हा प्रश्न फारसा येत नाही.

नेट लागणारच नाही असे दोन मार्ग आहेत. एक, ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणारा, पेन ड्राइव्ह. शनिवारी सकाळची शाळा सुटताना न्यायला आलेल्या पालकांच्या फोनमध्ये फाइल टाका, पालकसभेच्या दिवशी तर महिन्याभराच्या एकदम टाका. दुसरा, क्विक शेअर. जवळ-जवळ ठेवलेल्या दोन अँड्रॉइड फोनमध्ये ते नेटशिवाय फाइल पाठवतं. वाडीतल्या एका घरी फाइल पोचली की ती तिथून पुढे जाते. प्रत्येक वाडीत असं एक घर आणि एक वेळ ठरवा. चार-पाच मुलं ओटीवर एका फोनभोवती बसून पाहतात, आणि त्या पाच सेकंदांच्या गॅपमध्ये एकमेकांवर ओरडत प्रश्न विचारतात. एकट्यानं पाहण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

व्हिडिओ तासाच्या निदान दोन रात्री आधी द्या. आदल्या रात्री दिला आणि वीज गेली की सगळं मुसळ केरात. आणि रेंजसाठी पोरांना पावसात, काळोखात सड्यावर जायला लागेल अशी वेळ आणू नका, हे पालकांना स्वतःहून सांगा.

यूट्यूबवर टाकणार असाल तर 'अनलिस्टेड' ठेवा, पण ते खासगी नसतं हे लक्षात असू द्या. लिंक ज्याच्याकडे जाईल तो पाहू शकतो. म्हणून मुलांचे चेहरे असलेलं काहीही तिथे नको, आणि मुलांचं चित्रीकरण करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि २०१७ पासून चालू असलेलं शालेय साहित्याचं सरकारी दीक्षा ॲपही आधी चाळून पाहा. तयार साहित्यातला तुमच्या कार्डांना जुळणारा तुकडा मिळाला तर तेवढाच वापरा, मेहनत वाचते.

६. पाहिला की नाही

'पाहिला का?' असं विचारलं की वर्ग एका सुरात 'हो सर' म्हणतो. वही पाहा. प्रश्नाचा गाव वेगळा, गाडी वेगळी असेल तर काम स्वतः केलेलं आहे. पाच वह्यांत एकच एसटी असेल तर काय झालं ते कळायला वेळ लागत नाही. याला गुण ठेवू नका, गुण ठेवले की नक्कल सुरू होते. रत्नागिरी, चिपळूणसारख्या शहरात घरोघरी नेट असेल तर एडपझल वापरता येतं. त्यात व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारतो आणि कोणी कुठवर पाहिलं ते शिक्षकाला दिसतं. खेड्यात कागदाची चिठ्ठी पुरे.

न पाहिलेल्यांचं काय, हा सगळ्यात नाजूक भाग. त्यांच्यासाठी नियम पुन्हा फळ्यावर समजावलात तर पुढच्या आठवड्यापासून कोणीच व्हिडिओ पाहणार नाही, कारण 'सर सांगतातच'. पण त्यांना बाहेरही काढू नका. फोन बोटीवर गेला यात पोराचा काय दोष? वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात शाळेचा टॅब किंवा तुमचा फोन ठेवा, त्यांनी तिथे पाच मिनिटांत व्हिडिओ पाहावा आणि जोडीत सामील व्हावं. परिपाठाआधी किंवा मधल्या सुट्टीत शाळेच्या टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावून दाखवला तरी चालेल. अर्ध्याहून जास्त वर्गानं पाहिला नसेल तर सगळ्यांना एकदा दाखवा आणि एक शब्दही न बोलता थेट कार्डं वाटा.

ज्या गावात घरचे फोन हा मार्गच बंद आहे तिथे वर्गातच उलटा वर्ग करता येतो. चार गट करा. एक गट टीव्हीसमोर, एक कार्डांवर, एक लिखाणाला, एक तुमच्याजवळ. आठ-आठ मिनिटांनी गट फिरवा. दमायला होतं, पण चालतं.

७. तो तास

पहिली तीन मिनिटं वह्या आणि चिठ्ठ्या. पुढची चार मिनिटं अख्ख्या वर्गानं एकत्र म्हणणं. तुम्ही 'फर्स्ट फेरी' म्हणायचं, वर्गानं प्रश्न. मग बारा मिनिटं जोडीनं कार्डं. नियम दोनच: कार्ड दाखवायचं नाही, मराठी बोललं तर रिकामी जागा भरायची नाही. वीस जोड्या एकदम बोलतात, म्हणजे कोणत्याही क्षणी वीस तोंडांतून इंग्रजी चालू असतं.

या बारा मिनिटांत तुम्ही वही घेऊन फिरायचं आणि ऐकायचं. चूक कानावर आली की टिपून ठेवा, मध्ये तोंड घालू नका. हे फार जड जातं, जीभ शिवशिवते. नंतर जोड्या बदला आणि आठ मिनिटं तोच व्यवहार कार्डाशिवाय, एक तिकीटवाला, एक प्रवासी. शेवटची पाच मिनिटं फळा: टिपलेल्या चुकांपैकी चार वाक्यं, कोणाची ते न सांगता. दुरुस्त वर्गानं करायची.

गोंगाट होणार. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आणि मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच मिनिटाला दार वाजतं. न बोलणाऱ्या मुलाला वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाबरोबर बसवू नका. तो सगळं स्वतःच बोलतो आणि कार्डही स्वतःच भरतो. थोडीशीच पुढे असलेली जोडीदार मिळाली की गाडी सुटते.

नववीला हेच पुढे न्या. वेळासला कासवांच्या हंगामात घरगुती मुक्कामाला येणारा पर्यटक काय-काय विचारेल? 'व्हेअर डू द टर्टल्स ले देअर एग्ज?' याची उत्तरं मुलांना पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतात, फक्त इंग्रजी कमी पडतं. आणि तेवढंच तर शिकवायचं आहे.

काय उलटं करू नये

कविता नको. ती पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून ऐकायची असते. गोष्टीचा शेवटही व्हिडिओत नको. गद्य धड्याचं ओळीओळीनं भाषांतर रेकॉर्ड करून पाठवणं म्हणजे बोलतं गाईड, ते टाळाच. धड्यासाठी व्हिडिओ करायचाच तर सात-आठ अडणारे शब्द, चित्रांसह, आणि धडा कुठे घडतो एवढंच. पत्रलेखनाचा साचा, अर्जाचे भाग, काळ, प्रश्नरचना, उच्चार हे घटक व्हिडिओला मानवतात.

मराठी ही दुसरी भाषा असेल तर

२०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. दापोली, खेड, रत्नागिरी भागात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि देवगड-रत्नागिरीकडच्या हापूसच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं मराठी शाळांत येतात. पायऱ्या त्याच, फक्त स्पष्टीकरणाचं एक मिनिट मुलांच्या भाषेत हवं. उर्दू शाळेतल्या सहकाऱ्याचा आवाज घ्या, किंवा मोठ्या वर्गातल्या नेपाळी मुलीला ते मिनिट बोलायला सांगा.

या मुलांना सगळ्यात जास्त छळतं ते लिंग. त्यासाठी मासळीचा बाजार घ्या. बांगडा तो, सुरमई ती, पापलेट ते. व्हिडिओत टोपली दाखवून 'बांगडा ताजा आहे का?', 'सुरमई ताजी आहे का?', 'पापलेट ताजं आहे का?' आणि मग फक्त मासा दाखवून पाच सेकंद गप्प. तासाला एक कोळीण, एक गिऱ्हाईक, आणि भावावरून घासाघीस. उर्दू शाळेतल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांना ऐकलेलं कळतं, त्यांची अडचण लिपीची असते, म्हणून त्यांच्या व्हिडिओत खालची देवनागरी अक्षरं मोठी आणि जास्त वेळ ठेवा.

पहिल्या वर्षी पाच-सहा घटकांपलीकडे जाऊ नका. एका व्हिडिओला संहिता, चित्रीकरण, कापाकापी धरून दोन संध्याकाळी सहज जातात. फाइलला इयत्ता, घटक आणि क्रमांक असं नाव द्या, 'व्हिडिओ नवीन फायनल' नको. कार्डांची पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळ्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर. बदली झाली तर पुढच्या शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, आणि केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या शाळेनं वेगळे पाच घटक केले असतील तर पुढच्या मे महिन्यात पेन ड्राइव्हची अदलाबदल करून तुमच्याकडे दहा होतील.